ग्वाल्हेरात बसून हिवाळ्याचा हवामान अंदाज कसा वाचायचा

डिसेंबर उजाडला की ग्वाल्हेरात सकाळी सगळे एकच आकडा बघतात: किमान तापमान. "आज पाचवर आलं" म्हटलं की विषय संपतो. पण त्या एका आकड्यावरून ना मुलांच्या शाळेचं ठरवता येतं, ना कुंडीतल्या टोमॅटोचं, ना दिल्लीच्या प्रवासाचं. किमान ४ अंश, आणि दहा वाजता लख्ख ऊन: अशा दिवशी घरातले आजी-आजोबा गच्चीवर मजेत बसू शकतात. किमान ९ अंश, पण दुपारी एकलाही धुकं हटलेलं नाही आणि कमाल तापमान १३ वरच अडकलंय: हा दिवस पहिल्यापेक्षा कितीतरी जास्त छळतो. छातीचे आणि सांध्यांचे त्रास अशाच दिवसांत वाढतात.

म्हणून अंदाज वाचताना चार गोष्टी एकत्र बघायच्या: किमान, कमाल, वारा आणि दवबिंदू (ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचं दव व्हायला लागतं तो आकडा). इतर गावांचा अंदाज वाचतानाही हेच चार आकडे कामाला येतात, फक्त त्यांचा अर्थ प्रदेशाप्रमाणे बदलतो.

कुठे आणि कधी बघायचं

भारतीय हवामान विभागाचं 'मौसम' ॲप आणि संकेतस्थळ मुख्य धरावं. मध्य प्रदेशाचं बुलेटिन भोपाळच्या हवामान केंद्रातून हिंदीत निघतं. विभागाने देशाचे ३६ उपविभाग केले आहेत. त्यांत ग्वाल्हेर आणि इंदूर दोन्ही 'पश्चिम मध्य प्रदेश'मध्ये येतात, वडोदरा 'गुजरात विभाग'मध्ये. सौराष्ट्र-कच्छ वेगळा. इथेच पहिली गल्लत होते. "पश्चिम मध्य प्रदेशात थंडीची लाट" ही बातमी ग्वाल्हेर-मुरैना-दतियाबद्दल असू शकते किंवा जवळपास पाचशे किलोमीटर दूर असलेल्या इंदूर-उज्जैनबद्दलही. उपविभागावर थांबू नका, जिल्ह्याच्या नकाशापर्यंत जा.

दुसरी गल्लत तारखेची. हवामान विभागाचा दिवस सकाळी साडेआठला सुरू होतो आणि दुसऱ्या दिवशी साडेआठला संपतो. १० जानेवारीच्या रकान्यात दाट धुक्याचा इशारा असेल, तर ते धुकं बहुधा १० च्या रात्री धरून ११ च्या पहाटेपर्यंत राहील. तुमची गाडी ११ ला पहाटे सहाची असेल, तर ११ चा नाही, १० चा रकाना बघायचा. बुलेटिनवर 'कधीपासून कधीपर्यंत वैध' ही ओळ छापलेली असते, ती आधी वाचावी. किमान तापमानाची नोंद सकाळी साडेआठला होते, कमालची संध्याकाळी साडेपाचला. दुपारच्या बातम्यांत दिसणारं 'आजचं कमाल' बऱ्याचदा कालचं असतं.

बुलेटिनमधल्या 'कहीं-कहीं' आणि 'अनेक स्थानों पर' या शब्दांना ठरलेली मापं आहेत. उपविभागातल्या २५ टक्क्यांपर्यंत केंद्रांवर अपेक्षित असेल तर 'कहीं-कहीं', म्हणजे मराठी बुलेटिनमधलं 'तुरळक ठिकाणी'. २६ ते ५० टक्के म्हणजे 'कुछ स्थानों पर', ५१ ते ७५ म्हणजे 'अनेक', त्यापुढे 'अधिकांश'. रंगांचंही तसंच: हिरवा म्हणजे इशारा नाही, पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे आता कृती करा. आमचं मत असं की हिवाळ्यात नारिंगी दिसला की प्रवासाचा पर्याय हाताशी ठेवावा. लाल होईपर्यंत थांबलात तर पर्यायी तिकीट मिळत नाही.

लाट कशाला म्हणतात

मैदानी भागात केंद्राचं किमान तापमान १० अंशांवर किंवा खाली असलं पाहिजे, ही पहिली अट. मग ते त्या तारखेच्या सरासरीपेक्षा ४.५ ते ६.४ अंशांनी खाली गेलं, तर थंडीची लाट. त्याहून जास्त घसरलं तर तीव्र लाट. शिवाय सरासरी काहीही असो, किमान ४ अंश किंवा कमी झालं तर लाट आणि २ किंवा कमी झालं तर तीव्र लाट. डोंगराळ भागात पहिली अट १० ऐवजी शून्याची असते. किनाऱ्यावर मात्र किमान १५ किंवा कमी असून घसरण ४.५ अंशांची झाली की लाट धरतात. उपविभागात किमान दोन केंद्रांवर सलग दोन दिवस हे घडलं, की दुसऱ्या दिवशी लाट जाहीर होते. म्हणून पहिल्या दिवशी कुडकुडायला होतं आणि बुलेटिन गप्प असतं. त्यात कुणाची चूक नाही.

हे गणित आपल्या तीन शहरांना लावून बघा. जानेवारीत ग्वाल्हेरचं सरासरी किमान सातच्या आसपास असतं, इंदूरचं दहाच्या, वडोदऱ्याचं साडेबाराच्या. ग्वाल्हेरात ४ ला लाट लागते, कारण तिथे दुसरा नियम आधी लागू होतो. इंदुरात साडेपाचला लागते. वडोदऱ्यात पारा आठवर आला की लाट. वडोदऱ्याच्या मावशींनी फोनवर "इथे थंडीची लाट आलीय" म्हटलं, तर त्यांच्याकडे आठ अंश असेल, आणि ते त्यांच्या घरासाठी, त्यांच्या पांघरुणांसाठी खरोखर कडाक्याचंच असेल. तिकडे जाताना ग्वाल्हेरचा जाड कोट नेऊ नका. दुपारी तिथे २८-२९ अंश असतात.

'शीत दिवस' हा वेगळा प्रकार आहे आणि ग्वाल्हेरकरांनी त्याकडे सगळ्यांत जास्त लक्ष द्यावं. किमान १० किंवा कमी असताना कमाल तापमान सरासरीपेक्षा ४.५ अंशांनी घसरलं, तर शीत दिवस. ६.४ पेक्षा जास्त घसरलं तर तीव्र शीत दिवस. जानेवारीच्या सुरुवातीला इथलं सरासरी कमाल २२-२३ असतं. म्हणजे दुपारी १८ च्या पुढे पारा गेला नाही तर शीत दिवस, १६ च्याही खाली राहिला तर तीव्र. कारण साधं आहे: धुक्याचा किंवा खालच्या ढगांचा थर सूर्यप्रकाश परत पाठवतो, जमीन तापत नाही, जमीन तापली नाही म्हणून थर फाटत नाही. हे चक्र चार-पाच दिवस चालू शकतं. इंदूर माळव्याच्या पठारावर, साधारण ५५० मीटर उंचीवर आहे. ग्वाल्हेर जेमतेम २०० मीटरवर, गंगेच्या मैदानाच्या दक्षिण काठाशी. त्यामुळे मैदानातला धुक्याचा थर दक्षिणेकडे पसरला की तो ग्वाल्हेरपर्यंत येतो, इंदुरापर्यंत क्वचित.

शीत दिवसांत फोनवरची ॲप्स ठराविक प्रकारे चुकतात. त्यांच्यामागच्या संगणकी प्रारूपांना धुकं दुपारपर्यंत टिकेल हे बऱ्याचदा कळत नाही, म्हणून ती कमाल तापमान जास्त दाखवतात. काल ॲपने २१ सांगितलं होतं आणि झालं १५, आजही धुकं तसंच आहे, तर आजच्या २१ वरही विश्वास ठेवू नका. कालचा प्रत्यक्ष आकडा धरून चाला.

सगळ्याचा कणा: पश्चिमी विक्षोभ

महाराष्ट्रातली वर्तमानपत्रं यालाच पश्चिमी चक्रावात म्हणतात. भूमध्य समुद्र आणि कॅस्पियनच्या बाजूने निघालेली ही कमी दाबाची प्रणाली इराण, अफगाणिस्तान, पाकिस्तान ओलांडून हिमालयाशी येते. हिवाळ्यात अशा प्रणाली एकामागून एक येत राहतात. बुलेटिनमध्ये "नया पश्चिमी विक्षोभ अमुक तारखेपासून सक्रिय" हे वाक्य दिसलं, की पुढच्या आठवड्याचा क्रम बराचसा कळतो.

विक्षोभ येण्याच्या एक-दोन दिवस आधी वायव्येचा वारा थांबतो, पूर्वेचा किंवा आग्नेयेचा सुरू होतो, उंचावर पातळ ढग दिसतात आणि किमान तापमान दोन-चार अंशांनी वाढतं. "गेली थंडी" असं वाटायला लावणारे हेच दिवस. मग पहाडात बर्फ पडतो. राजस्थानवर 'प्रेरित चक्रवाती परिसंचरण', म्हणजे विक्षोभामुळे उठलेला वाऱ्याचा भोवरा, तयार झालं आणि त्याला अरबी समुद्राची वाफ मिळाली, तर आपल्याकडे मावठा, म्हणजे हिवाळी पाऊस, होतो. विक्षोभ पुढे सरकला की आकाश मोकळं होतं, जमीन ओली असते, वारा पडलेला असतो. ही दाट धुक्याची रात्र. अशा एक-दोन सकाळी गेल्या की वायव्येचा कोरडा वारा जोर धरतो, धुकं फाटतं आणि किमान तापमान रोज दोन-दोन अंशांनी उतरतं. तळ गाठला जातो तो वारा पुन्हा पडलेल्या, निरभ्र, कोरड्या रात्री. पाला, म्हणजे पिकं करपवणारं गोठलेलं दव, पडतो तोही तेव्हाच.

यावरून वेळापत्रक बांधता येतं. सिमल्यात, काश्मिरात जोरदार बर्फ पडल्याची बातमी आली की ग्वाल्हेरात थंडी बहुधा दोन-तीन दिवसांनी वाढते, विदर्भ-खानदेशात आणखी एखाद्या दिवसाने. गच्चीवरचा कार्यक्रम, लग्नाची वरात, मेळ्याला जायचा बेत या अंतरात बसवता येतो.

पण नियम आंधळेपणाने लावू नका. विक्षोभ दोन-तीन दिवसांच्या अंतराने पाठोपाठ आले, तर वायव्येच्या वाऱ्याला वावच मिळत नाही आणि पहाडात बर्फ असूनही आपल्या रात्री सौम्य राहतात. उलटही होतं. जानेवारी २०२४ मध्ये सक्रिय विक्षोभ जवळपास आलेच नाहीत, गुलमर्ग महिन्याच्या शेवटापर्यंत बर्फाविना होतं, आणि त्याच काळात उत्तरेच्या मैदानात धुकं आणि शीत दिवसांनी लोक हैराण झाले होते. बर्फ नाही म्हणजे थंडी नाही, असं मुळीच नाही.

हल्ली बातम्यांत जेट स्ट्रीमचाही उल्लेख असतो: साडेबारा किलोमीटर उंचीवर इतक्या नॉटचा वारा, वगैरे. शास्त्राच्या दृष्टीने ते महत्त्वाचं आहे, पण स्वेटर किती घालायचे हे त्यावरून ठरत नाही. तो परिच्छेद सोडून पुढे वाचलं तरी चालेल.

आज रात्री धुकं पडेल का

हे बऱ्यापैकी घरी ठरवता येतं. संध्याकाळी सहाच्या सुमाराला ॲपवर तापमान, आर्द्रता, दवबिंदू आणि वारा बघा. दवबिंदू दिसत नसेल तर आर्द्रतेवरून काढा: १०० मधून आर्द्रता वजा करा, ५ ने भागा, येईल ती संख्या तापमानातून वजा करा. तापमान १७ आणि आर्द्रता ६० टक्के असेल तर ४० भागिले ५ म्हणजे ८, आणि १७ वजा ८ म्हणजे दवबिंदू ९. आर्द्रता ५० टक्क्यांहून कमी असेल तर ही युक्ती चुकते, तेव्हा ॲपचाच आकडा घ्यावा.

आता रात्रीच्या अंदाजित किमान तापमानाशी तुलना करा. दवबिंदू ९ आणि किमान ७, म्हणजे पहाटेआधीच हवा संपृक्त होणार. वारा ताशी ७-८ किलोमीटरच्या आत आणि आकाश निरभ्र असेल तर धुकं धरून चाला. दवबिंदू २ आणि किमान ६ असेल तर सकाळ स्वच्छ, कोरडी, बोचरी. दोन्ही आकडे जवळजवळ सारखे असतील तर नदीकाठ, तिघरा धरणाची बाजू, ओलित केलेली शेतं इथे धुकं आणि शहरातल्या लष्कर भागाच्या दाट वस्तीत नुसतं धुरकट, असा प्रकार होतो.

हा हिशेब चुकतो तो तीन कारणांनी. वारा १२-१५ च्या वर गेला तर हवा ढवळली जाते आणि धुक्याऐवजी खालचे ढग होतात. मध्यरात्री ढग आले तर जमीन थंडच होत नाही. आणि कधी धुकं इथे तयार न होता आग्रा-इटाव्याकडून सरकत येतं. हे तिसरं कारण आकड्यांत दिसत नाही, उपग्रहाच्या चित्रात दिसतं. सकाळी आठनंतर इन्सॅटचं दृश्य प्रकाशातलं चित्र उघडा. ढग सुरकुतलेले असतात आणि अर्ध्या तासात जागा बदलतात. धुक्याचा थर सपाट, एकसारखा पांढरा, उत्तरेला हिमालयाच्या पायथ्याशी कापल्यासारखा थांबलेला, आणि तो हलत नाही. दक्षिण कड ग्वाल्हेरच्या किती खाली आहे ते बघा. धुकं कडेकडून विरत आत जातं, म्हणून कड जवळ असेल तर अकरापर्यंत ऊन. कड झाशीच्याही खाली असेल तर दुपारची आशा सोडा.

धुक्याची वर्गवारी दृश्यमानतेवर आहे: ५०० मीटर ते एक किलोमीटर हलकं, २०० ते ५०० मध्यम, ५० ते २०० दाट, ५० च्या आत अतिदाट.

प्रत्यक्ष स्थिती हवी असेल तर विमानतळांची मेटार नोंद बघायला शिका. ती फुकट मिळते आणि मोठ्या विमानतळांवर दर अर्ध्या तासाला निघते. दिल्लीचा संकेत व्हीआयडीपी, ग्वाल्हेरचा व्हीआयजीआर, इंदूरचा व्हीएआयडी, वडोदऱ्याचा व्हीएबीओ. समजा ओळ अशी आहे: "व्हीआयडीपी १००१३०झेड ०००००केटी ००५० एफजी ०७/०७ क्यू१०१८". पहिले दोन अंक तारीख, पुढचे चार जागतिक वेळ. त्यात साडेपाच तास मिळवा, म्हणजे सकाळचे सात. पाच शून्यं म्हणजे वारा अजिबात नाही. ००५० म्हणजे दृश्यमानता ५० मीटर. एफजी म्हणजे धुकं, बीआर असेल तर विरळ धुकं, एचझेड असेल तर धुरकट कोरडी हवा. ०७/०७ म्हणजे तापमान आणि दवबिंदू दोन्ही सात. हे दोन आकडे सारखे आहेत तोवर धुकं हटत नाही. पुढच्या नोंदीत ०९/०७ दिसलं की सुटायला लागलं म्हणायचं. शेवटी हवेचा दाब.

पाला

तापमापक सावलीत, जमिनीपासून सव्वा-दीड मीटर उंच पेटीत असतो. निरभ्र रात्री गवताच्या टोकाला त्याहून तीन-चार अंश कमी असतं. म्हणून अंदाज ३ किंवा ४ चा असला तरी पानावर शून्य होऊ शकतं. दुपारभर वायव्येचा गार वारा, सूर्यास्ताला तो एकदम पडणं, स्वच्छ आकाश, शून्याच्या जवळचा किंवा खालचा दवबिंदू: हे चारही जमले तर पाला पडणारच असं समजून तयारी करा.

बटाटा, टोमॅटो, वांगी, तूर आणि फुलोऱ्यातली मोहरी यांना सर्वांत धोका. संध्याकाळी हलकं पाणी द्यावं, कारण ओली माती दिवसाची ऊब जास्त धरते आणि रात्री सोडते. साचेल इतकं नको. शेतकरी वायव्य बांधावर मध्यरात्रीनंतर ओला पालापाचोळा पेटवून धूर करतात आणि पाण्यात विरघळणारं ८० टक्के गंधक लिटरला २ ग्रॅम या प्रमाणात आधीच फवारतात. पाला पडून गेल्यावर फवारून उपयोग नाही. गच्चीवरच्या कुंड्या भिंतीशी सरकवा आणि जुन्या धोतराने किंवा चादरीने झाका. प्लास्टिक पानाला टेकलं तर तिथलंच पान करपतं. सकाळी ऊन आलं की झाकण काढा. शेतीसाठी 'मेघदूत' ॲपवर जिल्ह्याचा सल्ला मंगळवारी आणि शुक्रवारी येतो.

आणि अशा रात्री बंद खोलीत कोळशाची शेगडी पेटवून झोपू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, माणसाला जाग येत नाही. दर हिवाळ्यात माणसं अशी जातात.

प्रवासाला निघताना

उत्तरेकडच्या गाडीसाठी ग्वाल्हेरचं धुकं बघून काही कळत नाही. गाडी रात्रभर कुठून आली ते बघा. फिरोजपूरहून मुंबईला जाणारी पंजाब मेल रात्री पंजाब-हरियाणातून, पहाटे दिल्ली-मथुरा-आग्र्यातून येते, म्हणजे धुक्याचा सगळा पट्टा ओलांडूनच ग्वाल्हेरला पोचते. मुंबईहून येणारी तीच गाडी धुक्याच्या पट्ट्याच्या तोंडाशीच आपल्याला उतरवते, म्हणून ती बहुधा वेळेवर असते. पुण्या-मुंबईला निघताना उशीर गृहीत धरा, तिकडून येणाऱ्या पाहुण्यांना आणायला मात्र वेळेवर जा. दिल्लीत सुरू होणाऱ्या गाडीचा रेक, म्हणजे डबे, कुठल्या आलेल्या गाडीचे, हेही एनटीईएसवर (रेल्वेच्या गाडी-चौकशी ॲपवर) बघावं. आलेली गाडी सहा तास उशिरा असेल तर जाणारी वेळेवर सुटणं कठीण. इंजिनांत आता जीपीएसवर चालणारं फॉगपास यंत्र असतं. ते चालकाला पुढच्या सिग्नलची आगाऊ सूचना देतं, पण तरीही धुक्यात गाडी ताशी ७५ किलोमीटरपर्यंतच जाते. काही गाड्या डिसेंबर ते फेब्रुवारीसाठी आधीच रद्द होतात. ती यादी तिकीट काढण्यापूर्वी बघा.

दिल्लीहून विमान असेल तर दुपारी बारानंतरचं घ्यावं. तिथे कॅट-तीन व्यवस्थेमुळे धावपट्टीवर ५० मीटर दिसत असलं तरी विमान उतरू शकतं, पण विमान आणि वैमानिक दोघंही त्यासाठी पात्र असावे लागतात. शिवाय सकाळचा खोळंबा दुपारपर्यंत निस्तरत राहतो. पुढच्या विमानाशी जोड असेल तर मध्ये चार तास तरी ठेवा.

रस्त्याने जाताना मुरैना-धौलपूरमध्ये चंबळच्या पुलाजवळ धुकं अचानक घट्ट होतं. ताशी ६० वेगात गाडी सेकंदाला जवळपास १७ मीटर जाते. समोर ५० मीटर दिसत असेल तर हातात तीन सेकंदच असतात, आणि तेवढ्यात गाडी थांबवणं अवघड. तिथे ३० ते ४० च्या वर जाऊ नका. अप्पर दिव्याचा प्रकाश धुक्यावरून परत डोळ्यांवर येतो, म्हणून डिपर आणि खालचे फॉग लाइट लावा. यमुना एक्स्प्रेसवेवर हिवाळ्यात हलक्या वाहनांची मर्यादा १०० वरून ७५ करतात. सगळ्यांत चांगला उपाय म्हणजे दहानंतर निघणं.

पहाडात बेत असेल तर उंची आधी लिहून घ्या: श्रीनगर सुमारे १,५८५ मीटर, मनाली २,०५०, सिमला २,२००, गुलमर्ग २,६५०. "हिमाचलात तुरळक ठिकाणी हिमवर्षाव" म्हणजे बहुतेकदा लाहौल-स्पीती, मनालीचा बाजार नव्हे. दर हजार मीटरला साधारण सहा-साडेसहा अंश उतरतात, या हिशेबाने मनालीत ५ अंशांवर पाऊस पडत असेल तर बर्फ आठशे मीटर वर सुरू होतो. श्रीनगरला २१ डिसेंबरपासून चाळीस दिवस चिल्लई कलान, म्हणजे सर्वांत कडक थंडीचा काळ. त्यात कोरड्या, निरभ्र रात्री पारा उणे पाच-सहावर जातो आणि बर्फ पडताना उलट शून्याजवळ चढतो. म्हणजे बर्फ बघायला जाणाऱ्यांनी किमान तापमान वाढण्याची वाट बघावी. जम्मू-श्रीनगर महामार्गासाठी तिथल्या वाहतूक पोलिसांची त्या दिवसाची सूचना बघावी. हिमस्खलनाचे इशारे चंदीगडच्या संरक्षण संस्थेकडून, डीजीआरईकडून येतात. ज्या जिल्ह्यात ते असतील तिथे वरच्या रस्त्यांचा हट्ट धरू नये.

महाराष्ट्रात उत्तरेचा वारा आधी नागपूर-गोंदिया आणि जळगाव-नाशिककडे पोचतो. निफाडचा आकडा बातमीत येतो, पण तो शेतातल्या मोकळ्या केंद्राचा असतो, नाशिक शहरात त्याहून जास्त असतं. पुण्यातही तसंच. शिवाजीनगरचं किमान लोहगावपेक्षा काही अंशांनी कमी असतं, म्हणून नातेवाईक कुठल्या भागात राहतात ते बघून आकडा घ्या. मुंबईला एखादी शाल पुरते. गुजरातेत सगळ्यांत गार आकडा बहुधा कच्छच्या नलियाचा असतो. त्यावरून वडोदऱ्याची कल्पना करू नका.

दक्षिणेची रीतच निराळी. रामेश्वर-तिरुपतीची यात्रा डिसेंबरात ठरवताना थंडी बघायचीच नाही, ईशान्य मोसमी पाऊस आणि बंगालचा उपसागर बघायचा. तमिळनाडूचा वर्षाचा जवळपास निम्मा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबरात पडतो. डिसेंबर २०२३ मध्ये मिचाँग चक्रीवादळाने चेन्नईत पूर आला आणि मग ते आंध्रात बापटलाजवळ धडकलं. बुलेटिनमध्ये 'भारी' म्हणजे चोवीस तासांत ६४.५ मिलिमीटरपासून पुढे, 'अति भारी' म्हणजे ११५.६ पासून, 'अत्यंत भारी' म्हणजे २०४.५ पासून. उपसागरात कमी दाबाचं क्षेत्र तयार झाल्याची सूचना आली तर निघण्याच्या चार दिवस आधीपासून रोज बघावं. पोंगलपर्यंत हवा सहसा निवळते. पूर्वेला काशी-पाटणा मार्गावर धुक्याचे नियम दिल्लीसारखेच.

लांबचा अंदाज

डिसेंबरच्या सुरुवातीला येणाऱ्या तीन महिन्यांच्या अंदाजात 'सरासरीपेक्षा जास्त किमान तापमानाची शक्यता' असे रंगीत पट्टे असतात. ती पूर्ण हंगामाची सरासरी, १९९१ ते २०२० च्या तुलनेत. तेवढ्यावरून रजई आवरून ठेवू नका. उबदार हंगामातही दहा दिवस कडाक्याचे असू शकतात. लग्नाचा मांडव, तानसेन समारोह किंवा व्यापार मेळ्याचा बेत ठरवायला दर गुरुवारी निघणारा विस्तारित अंदाज जास्त उपयोगी. तो दोन आठवड्यांचा कल सांगतो. तारीख मात्र त्यावरून पक्की करू नये. पाच दिवस आधी जिल्ह्याचा इशारा बघा, आदल्या संध्याकाळी दवबिंदू आणि वारा, आणि निघण्यापूर्वी अर्धा तास मेटार.